शहाण्णव टोपल्यांचा दिवस

देवगड तालुक्यातल्या मिठबावला गजबादेवीच्या देवळाकडून किनारा पाहिला की लांबवर वाळू दिसते. मालवण किनाऱ्याची जुनी मासेमारी, म्हणजे रापण, अशाच वाळूवर चालते. होडीतून जाळं अर्धवर्तुळात टाकत नेतात, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंची माणसं दोर ओढत जाळं वाळूवर आणतात. मिळेल त्या मासळीचे वाटे पडतात. बांगडा आणि तारली थव्याने फिरणारी मासळी. थवा किनाऱ्याजवळ आला तर जाळं ओढता ओढवत नाही, नाही आला तर चार टोपल्यांवर दिवस संपतो.

संख्याशास्त्रातली एक मोठी अडचण समजून घ्यायला रापणीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. समजा, एका रापणीला दहा दिवसांत मिळालेल्या टोपल्या अशा: ३, ४, २, ५, ३, ४, ६, ३, ४ आणि दहाव्या दिवशी ९६. हे आकडे कुणाच्या वहीतले नाहीत, हिशेबासाठी घेतलेले आहेत. पण थव्यावर जगणाऱ्या मासेमारीचा स्वभाव त्यांत उतरला आहे.

सरासरी कुठे जाऊन बसते

पहिल्या नऊ दिवसांची बेरीज ३४, सरासरी ३.७८. कुणी विचारलं, "रोज किती मिळतं?" तर "चारेक टोपल्या" हे उत्तर खरं आहे. दहावा दिवस धरला की बेरीज १३० होते आणि सरासरी १३. आता तेरा टोपल्या कोणत्या दिवशी मिळाल्या? कोणत्याच नाही. तेराच्या जवळपासचाही एक दिवस या यादीत नाही. नऊ दिवस सरासरीच्या बरेच खाली, एक दिवस तिच्या कितीतरी वर, आणि सरासरी मधल्या रिकाम्या जागेत.

दहावीच्या पुस्तकात मध्य (म्हणजे सरासरी), मध्यक आणि बहुलक एकापाठोपाठ शिकवले जातात आणि मुलं तिन्हींची सूत्रं पाठ करतात. तीन वेगवेगळ्या मापांची गरज का पडली, हे सूत्रांतून कळत नाही, अशा यादीतून कळतं. आकडे चढत्या क्रमाने लावले की पाचवा आणि सहावा आकडा ४ येतो, म्हणून मध्यक, म्हणजे यादीचा मधला आकडा, ४. दहाव्या दिवशी ९६ ऐवजी ९६० टोपल्या मिळाल्या असत्या तरी मध्यक ४ च राहिला असता. सरासरी मात्र ९९.४ वर गेली असती. सरासरीला वाटेल तिथे ओढून न्यायला एक आकडा पुरतो. मध्यकाला तसं ओढायचं तर निम्मे आकडे बिघडावे लागतात.

बाकीच्यांपासून इतक्या दूर पडलेल्या आकड्याला आउटलायर म्हणतात. या लेखात मी त्याला टोकाचा आकडा म्हणेन.

झेड-स्कोअर काय सांगतो

एखादा आकडा सरासरीपासून किती दूर आहे, हे नुसतं वजाबाकीने कळत नाही. शंभर गुणांच्या परीक्षेत दहा गुण जास्त पडले आणि हजार गुणांच्या परीक्षेत दहा जास्त पडले, तर दोन्हींचा अर्थ एक नव्हे. म्हणून आधी सगळे आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरले आहेत ते काढतात. प्रत्येक आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर घ्यायचं, त्याचा वर्ग करायचा, वर्गांची सरासरी काढायची आणि तिचं वर्गमूळ घ्यायचं. हे प्रमाण विचलन. मग आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर या प्रमाण विचलनाने भागायचं. भागाकार येतो तो झेड-स्कोअर. शून्य आला तर आकडा नेमका सरासरीवर, उणे एक आला तर एक प्रमाण विचलन खाली, अधिक दोन आला तर दोन प्रमाण विचलनं वर.

आकडे घंटेच्या आकाराच्या वक्रात बसत असतील, तर सुमारे ६८ टक्के आकडे उणे एक ते अधिक एक यांच्यात येतात, सुमारे ९५ टक्के दोनच्या आत आणि ९९.७ टक्के तीनच्या आत. यावरूनच एक सोपा नियम रूढ झाला: झेड-स्कोअर ३ च्या पुढे गेला की तो आकडा संशयास्पद समजायचा. प्रौढ माणसांच्या उंचीसारख्या गोष्टींत हा नियम बरा चालतो. रापणीत काय होतं ते पाहू.

मोजपट्टीच ताणली जाते

पहिल्या नऊ दिवसांचं प्रमाण विचलन १.१३ येतं. त्या मापाने ९६ चा झेड-स्कोअर काढला तर तो ८१ च्या पुढे जातो. शंकेला जागाच नाही.

आता दहाही दिवस एकत्र घेऊ, कारण कोणता दिवस वेगळा काढायचा हे आपल्याला आधी ठाऊक नसतं. तेच तर शोधायचं असतं. सरासरी १३. अंतरांच्या वर्गांची बेरीज ७६६६, तिचा दहावा भाग ७६६.६, वर्गमूळ २७.६९. आणि ९६ चा झेड-स्कोअर ८३ भागिले २७.६९, म्हणजे २.९९८.

तीनच्या आत! रूढ नियमाप्रमाणे या यादीत संशयास्पद असं काहीच नाही.

दहाव्या दिवशी ९६० टोपल्या आल्या असत्या तरी झेड-स्कोअर तीनच्या आतच राहिला असता. नऊ हजार सहाशे आल्या असत्या तरीही. हे का होतं, ते दोन ओळींत दाखवता येतं. टोकाच्या आकड्याचं सरासरीपासूनचं अंतर 'अ' मानू. सरासरीच्या वरची आणि खालची अंतरं एकमेकांना फेडतात, म्हणजे उरलेल्या नऊ आकड्यांच्या वाट्याला मिळून उणे 'अ' येतं. ते त्यांनी अगदी समान वाटून घेतलं असं धरलं, तर प्रत्येकाचं अंतर 'अ'चा नववा भाग. वर्ग करून बेरीज केली, दहाने भागलं आणि मूळ घेतलं की प्रमाण विचलन 'अ'चा तिसरा भाग येतं. 'अ'ला त्याने भागा, उत्तर नेमकं ३. नऊ आकड्यांत थोडाही फरक असेल तर प्रमाण विचलन आणखी वाढतं आणि उत्तर ३ हून कमी होतं. थोडक्यात, दहा आकड्यांच्या यादीत झेड-स्कोअर ३ च्या पुढे जाणंच अशक्य आहे. सर्वसाधारण मर्यादा अशी: आकड्यांच्या संख्येतून एक वजा करा आणि वर्गमूळ घ्या, त्याहून मोठा झेड-स्कोअर त्या यादीत येऊ शकत नाही.

असे दोन दिवस आले तर गोष्ट आणखी बिघडते. दहापैकी दोन दिवस ९६ टोपल्या मिळाल्या, तर दोघांचाही झेड-स्कोअर २ च्या आत येतो. एक टोकाचा आकडा दुसऱ्याला आडोसा देतो.

माझ्या दृष्टीने याची खरी किंमत साधे दिवस मोजतात. नऊ दिवसांच्या मापाने पाहिलं तर सहा टोपल्यांचा दिवस हा उत्तम दिवस होता, झेड-स्कोअर अधिक १.९६. दोन टोपल्यांचा दिवस वाईट होता, उणे १.५७. दहा दिवसांच्या मापाने पहिला उणे ०.२५ आणि दुसरा उणे ०.४० ठरतो. चांगला दिवसही सरासरीखालचा, वाईटही सरासरीखालचा, आणि दोघांत फरक म्हणावा असा नाही. टोकाचा आकडा स्वतः लपतो आणि वर इतरांमधला फरकही पुसून टाकतो. दहा माणसांनी दोर ओढून मिळवलेल्या दोन आणि सहा टोपल्यांमध्ये घरच्या चुलीच्या दृष्टीने तिपटीचं अंतर आहे. कागदावर ते उरत नाही.

न ताणणारी मोजपट्टी

उपाय अवघड नाही. सरासरीच्या जागी मध्यक घ्यायचा आणि प्रमाण विचलनाच्या जागी मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक. आपल्या यादीत मध्यक ४. त्यापासूनची अंतरं चढत्या क्रमाने: ०, ०, ०, १, १, १, १, २, २, ९२. त्यांचा मध्यक १. घंटेच्या वक्रात हे माप प्रमाण विचलनाच्या ०.६७४५ पट असतं, म्हणून दोन्ही पद्धती एका पातळीवर आणण्यासाठी अंतराला ०.६७४५ ने गुणतात आणि मग या मापाने भागतात. ९६ साठी उत्तर ६२. सहा टोपल्यांसाठी १.३५. या सुधारित झेड-स्कोअरला सहसा ३.५ ची मर्यादा लावतात. टोकाचा दिवस उघड होतो आणि चांगला दिवस चांगलाच दिसतो.

हा सगळा हिशेब वहीच्या एका पानावर, कॅल्क्युलेटरशिवाय होतो. तरीही अनेक अहवालांत फक्त सरासरी छापली जाते, याचं मला वाईट वाटतं.

अंगणवाडीतला झेड-स्कोअर

झेड-स्कोअर हे नाव ज्यांनी कधी ऐकलेलं नाही त्यांच्याही घरी तो पोचलेला आहे. अंगणवाडीत बाळाचं वजन करून वाढीच्या तक्त्यावर ठिपका देतात. त्या तक्त्यावरच्या रेषा झेड-स्कोअरच्याच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांनुसार एक वर्षाच्या मुलाचं मधलं वजन ९.६ किलो, उणे दोनची रेषा ७.७ वर आणि उणे तीनची ६.९ वर. दोन वर्षांच्या मुलासाठी हेच आकडे १२.२, ९.७ आणि ८.६. एक वर्षाचा ७.७ किलोचा मुलगा आणि दोन वर्षांचा ९.७ किलोचा मुलगा यांच्या वजनात दोन किलोंचा फरक आहे, तरी दोघांचा झेड-स्कोअर एकच, उणे दोन. वेगवेगळ्या वयाच्या बाळांची तुलना करता येते ती यामुळे. वजन उणे दोनच्या खाली गेलं की बाळ कमी वजनाचं, उणे तीनच्या खाली गेलं की तीव्र कमी वजनाचं. उंचीच्या मानाने वजन उणे तीनच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण, अंगणवाडीच्या बोलण्यातलं 'सॅम'.

इथे एक मोलाचा फरक आहे. ही मोजपट्टी गावातल्या बाळांवरून बनवलेली नाही. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, चांगलं पोषण मिळालेल्या निरोगी मुलांच्या मापांवरून ती बनली आहे. त्यामुळे एखाद्या वाडीतली सगळीच मुलं हडकुळी असली तरी रेषा खाली सरकत नाही. गावातल्या गावात सरासरी काढली असती तर सर्वांत अशक्त वस्तीतली मुलं एकमेकांच्या तुलनेत ठीकठाक दिसली असती.

शिवाय वजनं घंटेच्या वक्रात तंतोतंत बसत नाहीत, हे या मानकांनी लक्षात घेतलं आहे. एक वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो. उणे एक ७.९ वर आहे, पण अधिक एक १०.१ वर. खालची पायरी एक किलोची, वरची १.२ किलोची.

सुखात्मे आणि उणे दोन

सरासरी आणि प्रमाण विचलन यांवरून महाराष्ट्रात एकेकाळी मोठा वाद झाला, आणि तो भुकेबद्दल होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. शेतीच्या पाहण्यांचं नमुनाशास्त्र त्यांनी भारतात उभं केलं आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचं काम पाहिलं. देशात उपाशी किती, हे मोजायला माणसाची सरासरी उष्मांक-गरज ही रेषा धरण्याची पद्धत होती. सुखात्मे म्हणाले, गरज माणसागणिक बदलते, एवढंच काय एकाच माणसाचीही काळानुसार बदलते. सरासरी गरजेहून कमी खाणारे कितीतरी लोक निरोगी असतात, कारण त्यांची गरजच सरासरीपेक्षा कमी असते. म्हणून रेषा सरासरीवर न ठेवता सरासरीतून दोन प्रमाण विचलनं वजा करून ठेवावी. तिच्या खाली जो आहे तो अर्धपोटी आहे, हे बऱ्याच खात्रीने म्हणता येईल.

अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांनी नीलकंठ रथ यांच्यासोबत १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा जो प्रसिद्ध अभ्यास मांडला, त्यात दरडोई २२५० उष्मांकांचा आधार होता. सुखात्मे यांची रेषा आणि ही रेषा यांत कोट्यवधी माणसांचा फरक पडत होता, आणि सुखात्मे व दांडेकर यांच्यातला वाद अनेक वर्षं गाजला. टीकाकारांचा मुद्दा साधा होता: उणे दोनच्या वर असलेला प्रत्येक जण पोटभर खातो, असं कुठे आहे? ज्याची स्वतःची गरज सरासरीहून जास्त आहे तो सरासरीएवढं खाऊनही उपाशी असू शकतो.

मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. सुखात्मे यांची रेषा निरोगी माणसाला उपाशी म्हणण्याची चूक टाळते आणि त्या बदल्यात काही उपाशी माणसांना वगळते. सरासरीची रेषा याच्या उलट करते. कोणती चूक परवडेल, हे सूत्र सांगत नाही. धान्य वाटायचं असेल तर मी उपाशी माणूस न वगळणारी रेषा निवडेन.

टोकाचा आकडा खोडावा का

याला एकच उत्तर नाही. आकडा टोकाला का गेला, ते आधी शोधावं लागतं.

काही वेळा ती निव्वळ लिहिण्यातली चूक असते. ८.९ किलोतला दशांश चिन्हाचा ठिपका सुटला आणि ८९ लिहिलं गेलं. वयाच्या मानाने वजनाचा झेड-स्कोअर उणे सहाच्या खाली किंवा अधिक पाचच्या वर गेला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत तो आकडा अशक्य मानून बाजूला काढतात. तरी माझं मत असं की शक्य असेल तिथे बाळाचं पुन्हा वजन करावं. उणे सहाच्या आसपासचं बाळ खरंच असेल, तर त्याला यादीतून गाळणं हा अन्याय होईल.

काही वेळा आकडा बरोबर असतो, फक्त तो एका वेगळ्याच घटनेचा असतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला ७३. दोघांची सरासरी सुमारे ५०८. त्या दिवशी मुंबईत ५०८ मिलिमीटर पाऊस पडला असं म्हटलं, तर दक्षिण मुंबईच्या माणसाला ते खोटं वाटेल आणि मिठी नदीकाठच्या माणसाला अपमानास्पद. इथे ९४४ खोडायचे नाहीत. नाला किती रुंद हवा आणि पूल किती उंच हवा, हे ठरवायला तोच आकडा लागतो.

रापणीतला ९६ याच जातीचा, आणि त्याहूनही जवळचा. तो अपघात नाही, रापण ज्यासाठी ओढतात तो हाच दिवस. दहा दिवसांच्या १३० टोपल्यांपैकी ९६ एकाच दिवशी आल्या. तो खोडला तर त्या घरांची जवळपास तीन चतुर्थांश मासळी आपण कागदावरून काढून घेतो.

देशाची मासळी कशी मोजतात

किनाऱ्यावर उतरणारी प्रत्येक टोपली कुणी मोजू शकत नाही. म्हणून काही केंद्रं आणि काही दिवस निवडून तिथली मासळी मोजतात आणि त्यावरून एकूण अंदाज बांधतात. समुद्री मासळीसाठी हे नमुनातंत्र कसं असावं, यावर सुखात्मे, वि. गो. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांचा शोधनिबंध १९५८ मध्ये 'बायोमेट्रिक्स' या नियतकालिकात आला होता. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आज देशभरचे अंदाज काढते ते अशाच स्तरित नमुना पद्धतीने.

इथे टोकाचा दिवस फार जड पडतो. महिन्यातले थोडेच दिवस मोजायचे आणि त्यांत तो ९६ चा दिवस सापडला, तर अंदाज फुगतो. सापडला नाही, तर अंदाज खाली येतो. मध्यक वापरून इथे सुटका नाही, कारण एकूण मासळी हवी आहे: १३ गुणिले १० म्हणजे १३० बरोबर येतात, ४ गुणिले १० म्हणजे ४० साफ चूक. त्यामुळे आकडा बदलण्याऐवजी मोजणीच अशी आखतात की प्रदेश, हंगाम आणि मासेमारीचा प्रकार यांचे गट आधी वेगळे होतात आणि एका गटातलं टोक दुसऱ्या गटावर पसरत नाही.

वर्षांचंही असंच असतं. केरळात तारलीचं उत्पादन २०१२ मध्ये चार लाख टनांच्या घरात होतं, २०२१ मध्ये जेमतेम ३,३०० टन. या दोन वर्षांची सरासरी दोन लाख टन होईल, आणि ती दोन्हींपैकी एकाही वर्षाचं वर्णन करणार नाही.

टोपल्यांऐवजी रुपये

शेवटी एक गोष्ट, जी हिशेब करणारे सहज विसरतात आणि लिलावाला उभी राहणारी बाई कधीच विसरत नाही. ज्या दिवशी एका रापणीला ९६ टोपल्या मिळतात, त्या दिवशी शेजारच्या रापणींनाही बहुधा भरपूर मिळालेलं असतं आणि भाव कोसळतो. समजा, एरवी टोपलीला २,००० रुपये मिळतात आणि त्या दिवशी ५०० च मिळाले. चार टोपल्यांच्या दिवशी ८,००० रुपये, शहाण्णवच्या दिवशी ४८,०००. टोपल्यांत चोवीस पट असलेला दिवस रुपयांत सहा पट उरतो. बर्फ आणि गाडी वेळेवर मिळाली नाही तर आणखी कमी. पूर्वी उरलेली तारली माडांना खत म्हणून जायची, ती अशाच दिवसांची.

म्हणून मच्छीमारांच्या उत्पन्नाचा अहवाल लिहिणाऱ्याने टोपल्यांची सरासरी आणि भावाची सरासरी वेगवेगळी काढून त्यांचा गुणाकार करू नये. या उदाहरणात भावाची दहा दिवसांची सरासरी १,८५० रुपये येते, तिला १३ ने गुणलं तर रोजचे २४,०५० रुपये. प्रत्यक्षात नऊ दिवसांचे ६८,००० आणि दहाव्याचे ४८,००० मिळून १,१६,००० होतात, म्हणजे रोजचे ११,६००. दुपटीहून मोठी चूक, आणि दोन्ही सरासऱ्या आपापल्या जागी बिनचूक असताना झालेली. वादळात बुडालेल्या दिवसांची भरपाई ठरवताना किंवा होडीच्या कर्जाचा हप्ता बांधताना प्रत्येक दिवसाचे रुपये आधी काढावेत, मग एकूण रकमेसाठी त्यांची सरासरी आणि रोजच्या खर्चासाठी त्यांचा मध्यक, दोन्ही शेजारी शेजारी लिहावेत. मध्यक आपल्या यादीत ८,००० येतो. हप्ता भरायचा तो बहुतेक दिवशी याच आठ हजारांतून, आणि तेही वाटे पडल्यावर.